लहानपणी टीव्हीवर पाहिलेली ती शर्यत नेमकी कोणती? तारीख काढायची रीत

प्रश्न थोडक्यात असा: ऐंशीचं दशक संपता संपता किंवा नव्वदीच्या सुरुवातीला टीव्हीवर एक शर्यत पाहिली आणि तिथून फॉर्म्युला वनचं वेड लागलं. आठवतं ते एवढंच. लाल-पांढरी गाडी, पिवळं हेल्मेट, धो धो पाऊस, तीन चाकांवर खुरडत परतणारी गाडी, हात वर करून काहीतरी सांगणारा ड्रायव्हर, आणि वेळेआधीच थांबलेली शर्यत. ही कोणती शर्यत, आणि अशा आठवणीची तारीख काढायची कशी?

आधी उत्तर. ही एक शर्यत नाही, दोन आहेत, आणि दोन्ही ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेडच्या. तीन चाकांवर परतलेली गाडी ५ नोव्हेंबर १९८९ ची. हात हलवणारा ड्रायव्हर आणि गुंडाळलेली शर्यत ३ नोव्हेंबर १९९१ ची. दोन्हीकडे ड्रायव्हर आयर्टन सेना, दोन्हीकडे मॅक्लारेन संघाची गाडी, दोन्हीकडे गाडीवर १ हा आकडा, शहरातल्या रस्त्यांवरचं तेच सर्किट, हंगामाची तीच अखेरची शर्यत आणि तसाच पाऊस. इतकं सगळं सारखं असल्यावर मधली दोन वर्षं डोक्यात उरत नाहीत.

१९८९ मध्ये पहिल्याच फेरीनंतर लाल झेंडा दाखवून शर्यत थांबवली होती. सेनाचा संघातला सहकारी ॲलन प्रॉस्टने एक फेरी मारून गाडी सोडून दिली आणि पुन्हा सुरू झालेल्या शर्यतीत तो उतरलाच नाही. सेना मात्र पाण्याच्या फवाऱ्यात इतरांच्या कितीतरी पुढे निघून गेला, आणि तेरा फेऱ्या पूर्ण झाल्यावर मार्टिन ब्रंडलच्या ब्रॅबमवर मागून आदळला. ब्रंडलच्या गाडीवर मागे बघणारा कॅमेरा होता. पांढऱ्या धुक्यातून अचानक मॅक्लारेनचं नाक उगवतं, ते दृश्य त्याचं. पुढचं चाक गमावलेली गाडी सेनाने तशीच पिटपर्यंत, म्हणजे संघाच्या दुरुस्तीच्या जागेपर्यंत आणली. शर्यत पुढे चालू राहिली आणि दोन तासांची मर्यादा संपल्यावर ८१ पैकी ७० फेऱ्यांवर झेंडा पडला. जिंकला विल्यम्सचा थिएरी बुटसेन. (सर्वात वेगवान फेरी होती सातोरू नाकाजिमाची, लोटसमधून. हे आठवत असेल तर बाकी काही तपासायची गरजच नाही.)

१९९१ ची गोष्ट वेगळी. चौदा फेऱ्यांचाच निकाल धरला गेला, म्हणजे जेमतेम ५३ किलोमीटर, आणि गुण निम्मे दिले. ट्रॅकभर फुटलेल्या गाड्या पडल्या होत्या आणि आघाडीवरचा सेना कॉकपिटमधून हात हलवत शर्यत थांबवा म्हणून खुणावत होता. फरक लक्षात घ्या: १९८९ मध्ये तो तेराव्या फेरीनंतर बाहेर होता, १९९१ मध्ये तो विजेता होता. तीन चाकांवर परतलेला माणूसच शेवटी जिंकला असं आठवत असेल, तर सांधा नेमका तिथे आहे.

आता रीत. सर्वात मोठी चूक म्हणजे प्रसंगावरून शोध सुरू करणं. टक्कर, पाऊस, आग, शेवटच्या फेरीतली आघाडी हे सगळं दर काही वर्षांनी पुन्हा घडतं आणि रिप्लेंमधून, बातम्यांतून, नंतरच्या माहितीपटांतून पुन्हा पुन्हा डोळ्यांसमोर येतं. प्रसंग म्हणूनच एकमेकांत मिसळतात. वस्तू मिसळत नाहीत. टायरवरच्या खाचा, कॉकपिटच्या कडा, सुरुवातीचे दिवे, गाडीवरचा आकडा यांकडे लहान मुलाने मुद्दाम पाहिलेलं नसतं, पण चित्रात ते असतात आणि नियम बदलला की एका रात्रीत सगळ्या गाड्यांवर बदलतात. तारीख काढायची ती यांवरून.

पण त्याआधी एक काम करायचं, आणि ते व्हिडिओ उघडण्याआधीच. आठवतं ते सगळं कागदावर लिहून काढा. प्रत्येक ओळीपुढे एक खूण करा: हे दिसलं, हे ऐकलं, की हे नंतर कळलं? ड्रायव्हरचं नाव बहुधा तिसऱ्या रकान्यात जाईल. सर्किटचं नाव तर जवळपास नेहमीच. एकदा व्हिडिओ पाहिला की हा कागद करता येत नाही, कारण पाहिलेलं चित्र मूळ आठवणीच्या जागी बसतं आणि पुढे दोघांतला फरक सांगता येत नाही. खालची मर्यादाही आधीच आखून घ्या: साडेतीन वर्षांच्या आतल्या आठवणी बहुतेकांच्या टिकत नाहीत, तेव्हा जन्मवर्षात चार मिळवा आणि त्याआधीच्या शर्यती सरळ बाजूला ठेवा.

वस्तूंमध्ये सर्वात विश्वासू खूण म्हणजे ड्रायव्हर किती दिसतो. १९९५ पर्यंतच्या गाड्यांत खांदे, दंड आणि स्टिअरिंगवर झुंजणारे हात बाहेरून दिसायचे. १९९६ मध्ये डोक्याच्या संरक्षणासाठी कॉकपिटच्या कडा उंच झाल्या आणि वरून फक्त हेल्मेट उरलं. २०१८ पासून त्यावर डोकं वाचवणारी हेलोची कमान आली. खांदे, नुसतं हेल्मेट, कमान: टीव्ही कितीही जुना असला, चित्र कितीही मुंग्यांचं असलं, तरी हे तीन काळ वेगळे ओळखू येतात.

टायरची खूण तितकीच पक्की, पण तिला एक अट आहे. कोरड्या शर्यतीत १९९७ पर्यंत गुळगुळीत स्लिक टायर. १९९८ मध्ये खाचा आल्या, पुढच्या टायरवर तीन आणि मागच्यावर चार. १९९९ पासून चारही टायरवर चार-चार, आणि २००८ पर्यंत तेच. २००९ ला स्लिक परतले. २०११ पासून पिरेली या टायर कंपनीमुळे टायरच्या बाजूवर रंगीत पट्टे आले. त्यातही जांभळा पट्टा २०१६ च्या आधी नाही, आणि २०१९ पासून कोरड्यात पांढरा, पिवळा, लाल एवढेच. २००८ च्या जपानच्या शर्यतीत खाचांना हिरवा रंग दिला होता. हिरव्या रेघांचे टायर आठवत असतील तर फुजीची ती एक शर्यत, विषय संपला. अट ही की पावसात यातलं काहीच चालत नाही. पावसाळी टायरला नक्षी असतेच, १९८५ असो की २००५. आठवणीत पाऊस असेल तर टायर सोडा, कॉकपिट पाहा.

गाडीची रुंदीही काळ सांगते, पण ती एकट्या गाडीवर कळत नाही, दोन काळच्या गाड्या शेजारी ठेवल्या तरच कळते. १९९३ मध्ये गाड्या २१५० मिलिमीटरवरून २००० वर आल्या आणि मागचे टायर १८ इंचांवरून १५ इंच रुंदीचे झाले. १९९८ मध्ये १८०० मिलिमीटर. २०१७ ला पुन्हा २०००. डोळ्यात लगेच भरतो तो २००९ ते २०१६ चा काळ: पुढचा पंख फावड्यासारखा रुंद, मागचा अरुंद आणि उंच, जणू दोन वेगळ्या गाड्यांचे भाग जोडले आहेत. त्यातच नाकावर मधोमध पायरी दिसत असेल तर २०१२ च्या आसपास, आणि नाकाला बोटासारखं टोक असेल तर २०१४. उलट दिशेला, डोक्यामागे चिमणीसारखा उंच हवेचा डबा असलेल्या गाड्या १९७६ च्या स्पेन शर्यतीपासून नियमाने संपल्या. सहा चाकांची टायरेल १९७६ आणि १९७७ या दोनच वर्षांतली. कुणी ‘सहा चाकांची निळी गाडी’ म्हणालं की लोक हसतात, पण तारीख काढायला इतकी सोपी आठवण दुसरी नाही.

ठिणग्या हीसुद्धा खूण आहे. ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात आणि नव्वदीच्या सुरुवातीला गाडीच्या पोटाखाली टायटेनियमच्या पट्ट्या असत आणि सरळ रस्त्यावर ठिणग्यांचा पिसारा फुलत असे. १९९४ च्या जर्मनी शर्यतीपासून तळाला लाकडी फळी सक्तीची झाली आणि पिसारा गेला. २०१५ ला टायटेनियम मुद्दाम परत आणलं. मधल्या वीस वर्षांत ठोस ठिणग्या दिसल्या असतील तर गाडीचं काहीतरी मोडलं होतं.

सुरुवातीचे दिवे: लाल दिव्यानंतर हिरवा लागला की गाड्या सुटत, तो काळ १९९५ पर्यंतचा. एकामागून एक पाच लाल लागतात आणि सगळे एकदम विझतात, ही पद्धत १९९६ पासून. पिटमध्ये जाडजूड नळी घेऊन दोघं धावतात आणि इंधन भरतात, ते १९९४ ते २००९. (१९८२-८३ मध्येही इंधन भरत, पण ती जत्रा वेगळी होती, १९८४ ला बंदी आली.) सेफ्टी कार, म्हणजे धोका असताना सगळ्यांच्या पुढे हळू धावणारी गाडी, नियमित झाली १९९३ पासून. मोनॅकोत १९८४ ला आणि ॲडलेडला १९९१ मध्ये पावसात शर्यतच थांबवावी लागली, कारण सेफ्टी कारमागे सगळ्यांना रांगेत फिरवत ठेवायची रीत अजून रुजलेली नव्हती.

रंगाबद्दल जरा सावध राहायला हवं, कारण सगळे आधी रंगच सांगतात आणि रंगच सर्वाधिक फसवतात. पिवळी गाडी म्हटलं तर १९७७ ते १९८५ ची रेनॉ असू शकते, १९८७ ते १९९० ची लोटस, किंवा १९९६ ते २००५ ची जॉर्डन. नव्वदीच्या सुरुवातीच्या बेनेटनवरही बरंच पिवळं होतं. लाल गाडी म्हणजे फेरारीच असं नाही: १९९८ आणि १९९९ मध्ये विल्यम्स लाल होत्या. काळी-सोनेरी लोटस म्हणजे सत्तरी-ऐंशी, पण २०११-१२ पासून त्याच नावाची काळी-सोनेरी गाडी पुन्हा आली. लाल-पांढऱ्यात मॅक्लारेनबरोबर ऐंशीच्या सुरुवातीच्या अल्फा रोमिओही येतात. त्याउलट पांढऱ्या गाडीवर झगझगीत पिवळी रेघ, म्हणजे ब्रॉन, ती फक्त २००९ ची. एका वर्षाची गाडी हे घबाड आहे. रंगाआधी अशा एकवर्षी गाड्या आठवून पाहा.

प्रश्नातल्या ‘लाल-पांढरी गाडी, पिवळं हेल्मेट, पाऊस’ या त्रिकुटाला एक जुळं भावंड आहे, ते इथेच बाद करायला हवं. २००७ ते २०१२ लुईस हॅमिल्टन मॅक्लारेनमध्ये होता, हेल्मेट पिवळं, गाडी चंदेरी आणि लाल. त्यात २००८ चं सिल्व्हरस्टोन आणि २००८ चं साओ पाउलो, दोन्ही पावसात भिजलेल्या शर्यती. आठवण धूसर झाली की चंदेरीचं पांढरं व्हायला वेळ लागत नाही. इथे पुन्हा कॉकपिटच निकाल देतो: खांदे दिसले की सेना, नुसतं हेल्मेट दिसलं की हॅमिल्टन.

तंबाखूच्या जाहिराती ही रंगाच्या आतली बारीक खूण. काही देशांत त्यांना बंदी होती, तिथे संघ नावं झाकत किंवा गमतीने बदलत. जॉर्डनवर १९९७ मध्ये ‘बिटन हिसेस’ आणि पुढच्या वर्षी ‘बझिन हॉर्नेट्स’ लिहिलेलं असे, मॅक्लारेनवर ‘वेस्ट’च्या जागी ड्रायव्हरचं पहिलं नाव, ‘मिका’ किंवा ‘डेव्हिड’. गाडीवर असं काही वाचल्याचं आठवत असेल तर वर्षातल्या सोळा-सतरा शर्यती एकदम चार-पाचांवर येतात.

आकड्यांइतकं काम दुसरं काही करत नाही, फक्त पद्धत माहीत हवी. १९७४ ते १९९५ आकडे बहुतांशी संघाला चिकटलेले असत आणि विश्वविजेत्याबरोबर १ फिरत असे. टायरेल सगळा काळ ३ आणि ४. फेरारी १९८१ पासून १९९५ पर्यंत २७ आणि २८, अपवाद १९९० चा: त्या वर्षी विजेता प्रॉस्ट १ हा आकडा घेऊन फेरारीत गेला आणि २७-२८ मॅक्लारेनकडे आले. म्हणून सेनाची लाल-पांढरी गाडी पाहिली असेल तर नाकावरचा आकडा वर्षच सांगतो: १२ असेल तर १९८८, २७ असेल तर १९९०, ८ असेल तर १९९३, आणि १ असेल तर १९८९, १९९१ किंवा १९९२. विल्यम्सवर लाल रंगात ५ दिसला तर मॅन्सेल, १९८५ ते १९८८ किंवा १९९१-९२. शून्य दिसलं तर डेमन हिल, १९९३ किंवा १९९४, कारण दोन्ही वेळा आदल्या वर्षीचा विजेता शर्यतीतच नव्हता. २०१४ पासून ड्रायव्हर स्वतःचा आकडा निवडतो, तिथपासून आकडा माणसाची ओळख देतो, वर्षाची नाही.

आवाजाला बहुतेक जण महत्त्व देत नाहीत. चूक आहे. कान चित्रापेक्षा कमी खोटं बोलतात. १९८८ पर्यंतची टर्बो गाडी जाड, घोगरी. १९८९ पासून साडेतीन लिटरची इंजिनं वरच्या पट्टीत गेली. व्ही-१२ चा, म्हणजे बारा सिलिंडरच्या इंजिनाचा, सूर लांब, गोल, जवळपास गाण्यासारखा, आणि १९९५ ला फेरारीबरोबर तो संपला. व्ही-१० ची किंकाळी २००५ पर्यंत. २००६ ते २०१३ व्ही-८, एकसुरी आणि टोकदार. २०१४ पासूनच्या हायब्रिड गाडीत टायरचं कुंथणं आणि गर्दीचा आवाजही ऐकू येतो, हे तर टीव्हीसमोर बसलेल्या कुणालाही कळलं असेल. वळणातून बाहेर पडताना इंजिन अडखळत, तुटक फटफटत असेल तर ट्रॅक्शन कंट्रोल, म्हणजे चाकं घसरू न देणारी यंत्रणा: २००१ च्या स्पेन शर्यतीपासून २००७ पर्यंत. ॲडलेडच्या दोन शर्यतींतही कान उपयोगी पडतो. १९८९ च्या मॅक्लारेनमध्ये होंडाचं व्ही-१० होतं, १९९१ च्या गाडीत व्ही-१२.

गाडीवरच्या कॅमेऱ्याचं चित्र आठवत असेल तर उजवा हात पाहा. तो स्टिअरिंग सोडून गिअरच्या दांड्याकडे जात असेल तर नव्वदीच्या सुरुवातीपर्यंतची गाडी. स्टिअरिंगमागच्या पाकळ्यांनी गिअर टाकायची पद्धत फेरारीने १९८९ च्या ब्राझील शर्यतीत आणली आणि पहिल्याच शर्यतीत जिंकली. मॅक्लारेनने १९९१ मध्येही दांडा ठेवला आणि विश्वविजेतेपद घेतलं. मुळात अशी चित्रं किती जुनी असू शकतात यालाही सीमा आहे. फॉर्म्युला वनमध्ये १९८५ च्या जर्मनी शर्यतीत रेनॉने कॅमेऱ्यासाठी तिसरी गाडी उतरवली तेव्हा ती बातमी झाली होती. ऑस्ट्रेलियात बाथर्स्टला मात्र १९७९ मध्येच धावत्या गाडीतून थेट चित्र दाखवलं गेलं. सत्तरच्या दशकातली ‘गाडीतून दिसलेली’ फॉर्म्युला वन शर्यत कुणी सांगितली तर ती बहुधा नंतर पाहिलेल्या फिल्मची आठवण.

इथे ‘थेट पाहिलं’ या दाव्याचीही तपासणी करायला हवी. १ ऑगस्ट १९७६ चा जर्मनीतल्या न्युर्बुर्गरिंगचा ड्रायव्हर निकी लाउडाचा अपघात थेट पाहिल्याचं सांगणारे भेटतात. त्या ठिकाणी टीव्हीचा कॅमेराच नव्हता. जगाने जे पाहिलं ते एका प्रेक्षकाने आठ मिलिमीटरच्या फिल्मवर टिपलेलं, आणि नंतर. इंडियानापोलिस ५०० अमेरिकेत १९८५ पर्यंत त्याच दिवशी रात्री, मुद्रित करून दाखवत. सुरुवातीपासून शेवटपर्यंत थेट दाखवली ती १९८६ पासून. डेटोना ५०० पूर्ण थेट दिसली १८ फेब्रुवारी १९७९ ला, आणि त्याच दिवशी शेवटच्या फेरीत आघाडीचे दोघं एकमेकांवर आदळून गवतात हाणामारीवर आले, म्हणून ती तारीख अमेरिकेतल्या चाहत्यांच्या डोक्यात कोरली गेली आहे. बाकी ठिकाणी अर्ध्या तासाचे हायलाइट्सच असत. हायलाइट्सची अडचण अशी की त्यांत अपघात आधी, मग सुरुवात, मग पोडियम असा क्रमही असतो. वर्षाअखेरच्या आढाव्याच्या कॅसेटमध्ये तर सोळा शर्यती तासा-दीड तासात येतात, संगीतासह. घरात अशी कॅसेट असेल तर दोन शर्यती जोडल्या जाण्याचा उगम बहुतेक तिथेच.

टीव्ही संच कृष्णधवल होता का, हेही विचारून घ्या. कृष्णधवल पडद्यावर लाल गडद करडा दिसतो आणि पिवळं हेल्मेट जवळपास पांढरं. आठवणीत रंग असतील आणि घरात तेव्हा रंगीत संच नसेल, तर रंग नंतर भरलेले आहेत. त्या रकान्यात ‘नंतर कळलं’ अशी खूण करा आणि आकार, आवाज, आकडा यांवर चला. पडद्यावरच्या अक्षरांकडेही बघा. डावीकडे उभा, कायम दिसणारा क्रमफलक आणि तीन अक्षरी नावं हा अलीकडचा प्रकार आहे; ऐंशीच्या दशकात अधूनमधून पहिल्या सहांची नावं येत आणि जात. इंग्रजी समालोचन आठवत असेल तर आवाजांची जोडी तपासा. मरे वॉकर आणि जेम्स हंट ही बीबीसीची जोडी १९९३ च्या जूनमध्ये हंटच्या मृत्यूबरोबर संपली. वॉकरने टीव्हीवरचं शेवटचं नियमित समालोचन २००१ मध्ये इंडियानापोलिसला केलं.

घड्याळ शेवटी, पण ते निर्णायक ठरतं. शर्यत पाहिली तेव्हा खिडकीबाहेर ऊन होतं की अंधार? नोव्हेंबरात ॲडलेडचं घड्याळ ग्रीनिचच्या साडेदहा तास पुढे असतं, म्हणजे तिथली दुपार ही पश्चिम युरोपात उत्तररात्र आणि अमेरिका खंडात आदल्या दिवसाची रात्र. युरोपातल्या शर्यती बहुतांशी स्थानिक दुपारी दोनला सुरू होत; २०१८ पासून त्या तासाभराने पुढे गेल्या. आपल्या गावच्या वेळेत हे बदलून घेतलं की पहाटे उठून पाहिलेली शर्यत आणि जेवणानंतर पाहिलेली शर्यत वेगळ्या पडतात. पडद्यावर रात्र असेल तर २००८ चं सिंगापूर ही पहिली. त्याआधी दिव्यांखाली फॉर्म्युला वन नव्हतीच. हेडलाइट आणि छपराच्या गाड्या असतील तर ती बहुधा ल मान्सची चोवीस तासांची शर्यत, हा शोधच वेगळा.

एवढ्यावर साधारण दोन-तीन वर्षांची खिडकी मिळते. मग सर्किट. जंगलातून जाणारे हॉकेनहाइमचे लांब सरळ रस्ते २००१ पर्यंत. इमोलाचं तांबुरेलो वळण पूर्ण वेगात घेतलं जात होतं ते १९९४ पर्यंत. ॲडलेड १९८५ ते १९९५, मेलबर्न १९९६ पासून. ऑस्ट्रेलियाची शर्यत हंगामाची शेवटची होती की पहिली, एवढ्यावरच दोन काळ सुटतात. आता त्या खिडकीतल्या शर्यतींचे निकाल काढा. नुसती क्रमवारी बघू नका, बाद होणाऱ्यांचा तक्ता बघा: कोण, कितव्या फेरीत, कशामुळे. आठवणीतला माणूस शर्यतीच्या सुरुवातीला बाद झाला की शेवटी, हे तिथे लगेच कळतं. पावसामुळे अर्धवट थांबलेली शर्यत शोधायची असेल तर काम आणखी हलकं, कारण निम्मे गुण आजवर सहाच शर्यतींत दिले गेले: १९७५ चं स्पेन आणि ऑस्ट्रिया, १९८४ चं मोनॅको, १९९१ चं ॲडलेड, २००९ चं मलेशिया, २०२१ चं बेल्जियम. पैकी स्पेनची शर्यत अपघातामुळे थांबली, बाकी पाच पावसामुळे.

यातल्या मोनॅकोचा विचार प्रश्नकर्त्याने जरूर करावा. तिथेही पाऊस, तिथेही लाल-पांढरी मॅक्लारेन, तिथेही पिवळं हेल्मेट, तिथेही मध्येच थांबवलेली शर्यत. पण मॅक्लारेनमध्ये होता प्रॉस्ट, आणि पिवळं हेल्मेट, म्हणजे सेना, त्याच्या मागे झपाट्याने येणाऱ्या टोलमन संघाच्या गाडीत. गाडी आणि हेल्मेट एकाच चित्रात होते की दोन गाड्यांत, हा प्रश्न स्वतःला विचारून पाहा. शिवाय मोनॅकोत बाजूला पांढरे-करडे कठडे, बोगदा आणि बंदर दिसतं; ॲडलेडमध्ये रुंद रस्ते, काँक्रीटच्या भिंती आणि झाडं.

अशी जोडगोळी इतरत्रही आहे, आणि ती सोडवायची युक्ती तीच. सुझुकाला प्रॉस्ट आणि सेना एकमेकांवर आदळले: दोन्ही गाड्या लाल-पांढऱ्या आणि जागा अरुंद शिकेन (लागोपाठची उलटसुलट वळणं), तर १९८९; एक लाल फेरारी आणि पहिलंच वळण, वाळूचा लोट, तर १९९०. शूमाकर प्रतिस्पर्ध्यावर गाडी घालतो: निळी बेनेटन आणि शहराच्या भिंती तर १९९४ चं ॲडलेड, लाल फेरारी आणि वाळूत रुतलेला शूमाकर तर १९९७ चं हेरेझ. पावसात तीन चाकांवर परतणारी गाडी लाल असेल तर १९९८ चं स्पा. तीच लाल गाडी कोरड्या दिवशी असेल तर १९७९ च्या झांडफोर्टचा जिल व्हिलनव.

व्हिडिओ आता उघडा, आणि आवाज बंद करून. समालोचक नावं सांगू लागला की कागदावरचं पुसलं जातं. १९८९ आणि १९९१ च्या ॲडलेडच्या पहिल्या पंधरा-पंधरा फेऱ्या आणि शेवट पाहा आणि फक्त तीन गोष्टींवर लक्ष ठेवा: शेवटी झेंडा लाल की चौकटीचा; पोडियमवर कोण, कारण १९८९ ला बुटसेन, नानिनी आणि पात्रेझे होते, तर १९९१ ला सेना आणि बर्गर होते आणि दुसरा आलेला मॅन्सेल नव्हताच; आणि मैदानात झगझगीत हिरव्या गाड्या आहेत का, कारण जॉर्डनचा संघ १९९१ ला आला. हिरवी गाडी आठवत असेल तर पहिली पाहिलेली शर्यत १९९१ ची, आणि तीन चाकांची मॅक्लारेन नंतर कधीतरी रिप्लेमधून आलेली. हिरवं काहीच आठवत नसेल आणि बुटसेनची पांढरी-पिवळी-निळी विल्यम्स डोळ्यांसमोर येत असेल, तर १९८९.